राउटर खरा पत्ता सांगतोय ना? 'डीएनएसमास्क'मधल्या त्रुटी आणि आपल्या घराची सुरक्षा

हजचा अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, आखातातून मुलाने पाठवलेले पैसे जमा झाले का ते पाहणं, रमजानमध्ये जकात आणि सदक्याची रक्कम पाठवणं. आपल्या घरांतली ही सगळी कामं आता मोबाइलवर आणि बहुतेक वेळा घरच्या वायफायवर होतात. पासवर्ड कुणाला सांगू नये, ओटीपी देऊ नये, अनोळखी लिंक उघडू नये, हे आता घरातल्या दादी-नानीलाही पाठ झालं आहे. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. बँकेचं नाव आपण स्वतः, अगदी बरोबर टाइप केलं, तरीही आपण भलत्याच ठिकाणी पोचू शकतो का?

याचं उत्तर हो असं आहे. नाव टाइप केल्यावर त्या नावाचा खरा पत्ता आपण शोधत नाही. भिंतीवर लुकलुकणाऱ्या राउटरमधलं एक छोटं सॉफ्टवेअर आपल्यासाठी तो मिळवून आणतं. या सॉफ्टवेअरमध्ये २०१७ आणि २०२१ मध्ये गंभीर त्रुटी उघड झाल्या. त्या दुरुस्तही झाल्या. प्रश्न एवढाच आहे की ती दुरुस्ती आपल्या घरातल्या डब्यापर्यंत पोचली का? बऱ्याच घरांत ती पोचलेली नसते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हा विषय थोडा तांत्रिक असला तरी समजून घ्यायला हवा.

नाव वेगळं, पत्ता वेगळा

इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली. नावावरून आकडे शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. आपल्या फोनला घरातल्या जाळ्यात स्वतःचा एक पत्ता लागतो. तो वाटून देणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात.

एखाद्या मुसाफिरखान्याचा मुनीम डोळ्यांसमोर आणा. नवा मुसाफिर आला की मुनीम त्याला खाट क्रमांक देतो, किती दिवसांसाठी ते वहीत लिहितो आणि सांगतो, "शहरात कुठे जायचं असेल तर मलाच विचारा." डीएचसीपीचं काम हेच. फोन वायफायला जोडला की राउटर त्याला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो आणि 'नावं मलाच विचारत जा' असंही सांगतो.

मग मुसाफिर विचारतो, "अमुक बँक कुठे आहे?" मुनिमाला माहीत नसेल तर तो मोठ्या चौकशी केंद्राला विचारतो, उत्तर मुसाफिराला सांगतो आणि आपल्या वहीतही टिपून ठेवतो. दुसऱ्याने तेच विचारलं की पुन्हा चौकशी न करता वहीतून सांगतो. हे डीएनएसचं काम. त्या वहीला तंत्रज्ञानाच्या भाषेत कॅश म्हणतात.

आता पाहा, सगळा भरवसा या मुनिमावर आहे. त्याच्या वहीत कुणी खोटा पत्ता घुसवला, तर नंतर विचारणारा प्रत्येक मुसाफिर त्या खोट्या पत्त्यावर जाईल. घरात सहा फोन असतील तर सहाही जातील. आणि कुणी मुनिमालाच बाजूला सारून त्याच्या गादीवर बसलं, तर मग विचारायलाच नको.

डीएनएसमास्क म्हणजे काय?

घरगुती राउटरमध्ये ही दोन्ही कामं करणारं एक अतिशय लोकप्रिय सॉफ्टवेअर म्हणजे 'डीएनएसमास्क'. सायमन केली यांनी ते लिहिलं. २००१ पासून ते वापरात आहे. ते मोफत आहे, त्याचा मूळ कोड कुणालाही पाहता येतो आणि ते फार कमी जागेत मावतं. म्हणूनच स्वस्त राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी ते उचललं. राउटरसाठीच्या 'ओपनडब्ल्यूआरटी' या मोफत प्रणालीत ते आहे. फोनचा हॉटस्पॉट चालू केल्यावर फोन स्वतःच छोटा राउटर बनतो, त्यासाठी अँड्रॉइडनेही ते वापरलं. त्याचं नाव न ऐकलेल्या माणसाच्या घरातही ते चालू असू शकतं.

२०१७: गूगलला सापडलेल्या सात त्रुटी

२ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगलच्या सुरक्षा पथकाने डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी जाहीर केल्या. त्यांपैकी तीन अशा होत्या की हल्लेखोराला दुरून त्या यंत्रावर आपला कोड चालवता येण्याची शक्यता होती. एका त्रुटीतून यंत्राच्या स्मृतीतली माहिती बाहेर गळत होती आणि उरलेल्या तिघींमुळे सॉफ्टवेअर बंद पाडता येत होतं.

हे घडतं कसं? डीएनएसमास्क सी या भाषेत लिहिलेलं आहे. या भाषेत आलेली माहिती ठेवायला किती जागा राखायची, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं आणि माहिती त्या जागेत मावते की नाही हेही त्यालाच तपासावं लागतं. समजा, मुनिमाच्या टेबलावर चिठ्ठ्यांसाठी एक छोटा खण आहे आणि त्याला लागूनच मालकाने दिलेल्या सूचनांचा कागद आहे. कुणी मुद्दाम भलीमोठी चिठ्ठी पाठवली आणि मुनिमाने आकार न पाहता ती कोंबली, तर चिठ्ठीचा उरलेला भाग सूचनांच्या कागदावर पसरतो. चिठ्ठी पाठवणारा हुशार असेल, तर तो बरोबर त्याच भागात आपल्या सोयीच्या सूचना लिहून पाठवतो. मुनीम मग त्या सूचना मालकाच्याच समजून पाळायला लागतो.

सात त्रुटींपैकी सगळ्यात गंभीर मानली गेलेली त्रुटी डीएनएसच्या उत्तरांशी संबंधित होती. तिच्यासाठी हल्लेखोराला त्याच वायफायवर असण्याची गरज नव्हती. घरातल्या कुठल्या तरी यंत्राने हल्लेखोराच्या ताब्यातल्या नावाची चौकशी केली आणि तिकडून मुद्दाम बिघडवलेलं उत्तर आलं, की घात होऊ शकत होता. पत्ते वाटणाऱ्या भागातली आणखी एक त्रुटी मात्र त्याच जाळ्यात असलेल्या माणसालाच वापरता येणारी होती. पण तिच्या जोडीला माहिती गळणारी त्रुटी वापरली, की यंत्रातलं एक संरक्षणही चुकवता येत होतं. एक फट छोटी वाटते, दुसरीही छोटी वाटते. दोन्ही जोडल्या की दार उघडतं.

केली यांनी २.७८ ही दुरुस्त आवृत्ती दिली. गूगलने अँड्रॉइडच्या ऑक्टोबर महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये दुरुस्ती घातली. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या बाजूचं काम वेळेत झालं होतं.

वहीत खोटी नोंद: २००८ चा धडा

पुढची घटना समजण्यासाठी थोडं मागे जाऊ. अमेरिकेतले संशोधक डॅन कॅमिन्स्की यांना २००८ मध्ये दिसलं की जगभरातल्या नाव-सर्व्हरच्या वहीत खोटी नोंद घुसवणं लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे. नाव-सर्व्हर प्रश्न पाठवताना त्याला एक क्रमांक देतो. उत्तरावर तोच क्रमांक असेल तर उत्तर खरं मानतो. असे क्रमांक फक्त ६५,५३६ असतात. खरं उत्तर येण्याआधी हल्लेखोराने वेगवेगळ्या क्रमांकांची खोटी उत्तरं पाठवत राहायचं, एखादा क्रमांक जुळला की काम झालं.

एकदा खरं उत्तर वहीत गेलं की हल्लेखोराला बराच काळ थांबावं लागतं, या समजुतीवर सगळे निर्धास्त होते. कॅमिन्स्की यांनी दाखवलं की थांबायची गरजच नाही. एकाच संस्थेच्या नावापुढे काहीही जोडून नवनवीन नावं विचारत राहायचं. प्रत्येक वेळी नवा प्रश्न, प्रत्येक वेळी नवी संधी. आणि खोट्या उत्तरातच सांगायचं की यापुढे या संस्थेची सगळी चौकशी माझ्याकडे करा.

कॅमिन्स्की यांनी हे लगेच जगजाहीर केलं नाही. मार्च २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आवारात वेगवेगळ्या कंपन्यांचे अभियंते गुपचूप जमले आणि ८ जुलै २००८ रोजी बऱ्याच कंपन्यांनी एकाच वेळी दुरुस्ती दिली. क्रमांकाबरोबरच प्रश्न कोणत्या दारातून, म्हणजे पोर्टमधून गेला, तेही दर वेळी बदलायचं, ही ती दुरुस्ती. क्रमांक आणि दार दोन्ही ओळखणं हल्लेखोराला फार जड जातं.

२०२१: तोच रोग पुन्हा

१९ जानेवारी २०२१ रोजी इस्रायलमधल्या जेएसओएफ या कंपनीने डीएनएसमास्कमधल्या आणखी सात त्रुटी जाहीर केल्या. त्यांना 'डीएनएस-स्पूक' असं नाव दिलं. सातपैकी तीन त्रुटी वहीत खोटी नोंद घुसवू देणाऱ्या होत्या. म्हणजे २००८ मध्ये ज्या रोगावर जगाने इलाज केला, तो राउटरमधल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा दिसला.

कारणं पाहिली तर चकित व्हायला होतं. पहिलं म्हणजे, प्रश्न कोणत्या दारातून गेला याचा हिशोब डीएनएसमास्क नीट ठेवत नव्हतं. उघड्या दारांपैकी कुठल्याही दारातून उत्तर आलं तरी ते स्वीकारत होतं. दुसरं, विचारलेलं नाव जसंच्या तसं लक्षात न ठेवता ते त्याचा एक छोटा आकडा काढून ठेवत होतं. त्या आकड्याची पद्धत इतकी कमकुवत होती की वेगळ्या नावाचाही तोच आकडा येईल अशी मांडणी करता येत होती. तिसरं, एकाच नावाबद्दल अनेक प्रश्न एकाच वेळी बाहेर पाठवले जात होते आणि त्यांपैकी कुठल्याही एकाशी खोटं उत्तर जुळलं तरी चालत होतं. हल्लेखोराचा नेम त्यामुळे सोपा झाला.

उरलेल्या चार त्रुटी खणात न मावणाऱ्या चिठ्ठीच्या जातीच्या होत्या. त्या सापडल्या तो भाग 'डीएनएससेक' तपासण्याचा होता. डीएनएससेक म्हणजे प्रत्येक उत्तरावर सही-शिक्का मारायची व्यवस्था, उत्तर खरं आहे याची खात्री पटावी म्हणून आणलेली. शिक्का तपासणाऱ्या कोडमध्येच खोट निघाली. यासाठीची दुरुस्ती २.८३ या आवृत्तीत आली.

मोठ्या कार्यालयांची अवस्था

हा प्रश्न फक्त स्वस्त राउटरचा आहे असं समजू नये. १४ जुलै २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरच्या डीएनएस सॉफ्टवेअरमधली 'सिगरेड' नावाची त्रुटी दुरुस्त केली. चेक पॉइंट या कंपनीने ती शोधली होती. तिला धोक्याच्या मापनात १० पैकी १० गुण मिळाले आणि ती सॉफ्टवेअरमध्ये १७ वर्षं पडून होती. पुढे जर्मनीतल्या अथेने या संशोधन केंद्राशी संबंधित संशोधकांनी 'कीट्रॅप' नावाची त्रुटी शोधली. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. ती एखाद्या कंपनीच्या कोडमधली नव्हती, डीएनएससेकच्या नियमांतलीच होती. एका मुद्दाम बनवलेल्या उत्तरात गुंतून 'बाइंड' हा प्रसिद्ध नाव-सर्व्हर तब्बल १६ तास अडकून पडू शकत होता. डीएनएसमास्कलाही त्यासाठी २.९० ही नवी आवृत्ती काढावी लागली.

ज्या कॉलेजात, पतसंस्थेत किंवा दवाखान्यात विंडोज सर्व्हर आहे, तिथल्या व्यवस्थापकांनी हे लक्षात ठेवावं. सर्व्हर एकदा बसवला की झालं, असं होत नाही.

ब्राझीलच्या घरांत काय झालं

'हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, आपल्याला कोण विचारतंय?' असं वाटू शकतं. ब्राझीलचं उदाहरण पाहा. २०११ च्या सुमारास तिथे सुमारे ४५ लाख घरगुती मोडेममध्ये गुन्हेगार घुसले. ही माहिती पुढे कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकाने मांडली. तिथली त्रुटी डीएनएसमास्कमधली नव्हती. मोडेममधल्या एका दोषामुळे त्याचा पासवर्ड दुरून काढता येत होता. पण गुन्हेगारांनी आत गेल्यावर केलं काय, हे महत्त्वाचं आहे. त्यांनी घरातल्या संगणकाला हातही लावला नाही. मोडेममध्ये 'नावं कुणाला विचारायची' या रकान्यात आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहिला. बस.

त्यानंतर लोक ओळखीच्या वेबसाइटचं नाव टाइप करायचे आणि गुन्हेगारांनी बनवलेल्या पानावर पोचायचे. काही ठिकाणी बँकेची नक्कल असायची, काही ठिकाणी 'हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या' असा खोटा संदेश. संगणकात अँटीव्हायरस असला तरी मोडेममधला बदल त्याला दिसत नव्हता. नाव-पत्त्याच्या वहीवर ताबा मिळाला की काय होतं, ते यावरून कळतं.

दुरुस्ती वाटेत कुठे अडकते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सायमन केली नवी आवृत्ती देतात तेव्हा ती थेट आपल्या राउटरमध्ये येत नाही. राउटरची चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसोबत तयार सॉफ्टवेअरचा संच देते, त्यात डीएनएसमास्कची एखादी जुनी आवृत्ती असते. राउटर बनवणारी कंपनी तो संच घेऊन त्यावर आपलं नाव लावते. इंटरनेट देणारी कंपनी असे हजारो राउटर विकत घेऊन आपल्या पद्धतीने बांधते. मग केबलवाला किंवा फायबरवाला तो डबा आपल्या घरी ठोकून जातो.

या साखळीत प्रत्येकाने आपलं काम केलं तरच दुरुस्ती घरापर्यंत येते. चिप कंपनीने नवा संच दिला नाही तर राउटर कंपनी अडते. राउटर कंपनीने ते मॉडेल बंद केलं असेल तर तिला पुढे काही करण्यात रस नसतो. इंटरनेट कंपनीला हजारो घरांतले डबे बदलायचे म्हणजे तक्रारींची भीती वाटते. आणि आपल्याला कुणी सांगतच नाही, कारण डबा चालू असतो, दिवे लागलेले असतात, व्हिडिओ दिसत असतो.

फ्रिज बिघडला तर दूध नासतं, पंखा बिघडला तर आवाज येतो. राउटरमधलं नाव-पत्त्याचं सॉफ्टवेअर जुनं झालं तर काहीच जाणवत नाही. म्हणून साखळीतला शेवटचा माणूस, म्हणजे घरातलं कुणी तरी, विचारणारं असावं लागतं. घरातल्यांची कमाई, आधार-पॅनची कागदपत्रं, दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे दिलेली जकातची रक्कम, या सगळ्या अमानती आहेत. ज्या दारातून त्यांची ये-जा होते, ते दार तपासणं हाही अमानत सांभाळण्याचाच भाग आहे.

मग ब्राउजरमधलं कुलूप काय कामाचं?

इथे एक दिलासा आहे आणि तो नीट समजून घ्यावा. बँकेची खरी साइट 'एचटीटीपीएस'ने चालते. तिच्याकडे त्या नावाचं प्रमाणपत्र असतं आणि ब्राउजर ते तपासतो. मुनिमाने खोटा पत्ता दिला आणि आपण खोट्या दुकानी पोचलो, तरी त्या दुकानाकडे बँकेच्या नावाचं खरं प्रमाणपत्र नसतं. मग ब्राउजर मोठ्या अक्षरांत इशारा देतो की ही जागा सुरक्षित नाही. बँकांची अधिकृत अ‍ॅपही सहसा अशी तपासणी करतात.

फसगत होते ती पुढच्या पायरीवर. घाई असते, अर्जाची शेवटची तारीख असते आणि आपण 'तरीही पुढे जा' दाबतो. तिथेच संरक्षण संपतं. असा इशारा बँकेच्या, सरकारी किंवा पैशांच्या साइटवर आला तर पुढे जाऊच नका. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून पाहा. डेटावर नीट उघडते आणि वायफायवर इशारा येतो, असं झालं तर संशय राउटरवर घ्या.

फक्त कुलूप दिसलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका. भलत्याच नावाची साइट काढणारा चोरही त्या नावाचं प्रमाणपत्र मिळवू शकतो. कुलूप आणि नाव, दोन्ही पाहायचं. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या खास नावाकडे जायला सांगितलं होतं. तसंच हज कमिटी ऑफ इंडियासारख्या सरकारी संस्थेच्या साइटचं नाव 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतं. नावाचा शेवट वाचायची सवय मुलांना आणि वडीलधाऱ्यांना, दोघांनाही लावा.

घरी करण्यासारखी कामं

यातलं बरंचसं काम घरातली कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा अर्ध्या तासात करू शकतो.

१. राउटरच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर त्याचं मॉडेल आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउजरमध्ये तो टाकला की पान उघडतं.

२. या पानाचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाचा पासवर्ड अजूनही 'अ‍ॅडमिन' असेल तर तो आजच बदला. नवा पासवर्ड घरातल्या डायरीत लिहून ठेवा.

३. 'फर्मवेअर अपडेट' किंवा 'सॉफ्टवेअर अपग्रेड' असा पर्याय शोधा आणि नवी आवृत्ती असेल तर घ्या. अपडेट चालू असताना वीज बंद करू नका. नवी आवृत्ती फक्त त्याच पानावरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्या. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल चालवू नका.

४. डीएनएसचा रकाना पाहा. तो 'ऑटोमॅटिक' असेल किंवा तिथे इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता असेल तर ठीक. गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाड-नाइनचा ९.९.९.९ हे ओळखीचे सार्वजनिक पत्ते आहेत. घरातल्या कुणीही न टाकलेला अनोळखी पत्ता दिसला तर कंपनीला विचारा.

५. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय, बंद ठेवा. काही कंपन्या स्वतःच्या देखभालीसाठी वेगळी सोय वापरतात. तिला हात न लावता आधी त्यांना विचारा.

६. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते चालू करा. पाहुण्यांचा फोन आपल्या जाळ्यापासून वेगळा राहतो.

७. अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय असतो. त्यात 'ऑटोमॅटिक' न ठेवता एखाद्या भरवशाच्या सेवेचं नाव, उदाहरणार्थ 'डीएनएस डॉट गूगल', इंग्रजीत टाकलं की फोन नावांची चौकशी राउटरकडे न करता थेट त्या सेवेकडे, बंद पाकिटातून करतो. आपण कोणत्या साइटची नावं विचारतो हे मग त्या सेवेला दिसतं, एवढं ध्यानात ठेवून निर्णय घ्या.

८. फोनचं मासिक सुरक्षा अपडेट टाळू नका. हॉटस्पॉट देणारा फोन दुसऱ्यांसाठी राउटरच असतो.

संशय बळावला तर राउटर मूळ स्थितीत आणता येतो. पण 'रिसेट'चं बटण दाबण्यापूर्वी इंटरनेट कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड हाताशी ठेवा, नाहीतर जोडणीच बंद पडेल. आणि रिसेट केल्याने जुनी त्रुटी जात नाही, त्यानंतर अपडेट करावंच लागतं. कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलं असेल तर नवा राउटर घेणं हाच मार्ग उरतो. जुना राउटर 'अजून चालतोय' म्हणून गावच्या घरी पाठवू नका. तिथेही तो तेच करेल.

मशीद, मदरसा आणि संस्थांसाठी

घरातला राउटर चार-सहा जणांचा असतो. मदरशाचा, जमातखान्याचा किंवा संस्थेच्या कार्यालयातला राउटर शेकडो लोकांचा असतो. रमजानमध्ये आणि हज अर्जांच्या दिवसांत तिथे फॉर्म भरले जातात, देणग्या स्वीकारल्या जातात, लोकांची कागदपत्रं स्कॅन होतात. पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असतो आणि राउटर कुणी बसवला ते आठवतही नाही.

इथे तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. राउटरची जबाबदारी कुणा एकावर नावानिशी सोपवावी. कार्यालयाचं वायफाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वायफाय वेगळं असावं. विश्वस्तांच्या बैठकीत जसा वीजबिलाचा आणि पाण्याच्या टाकीचा विषय निघतो, तसा दर सहा महिन्यांनी 'राउटर अपडेट झाला का?' हा विषयही निघावा. आपल्या वस्तीत संगणक शिकलेली तरुण मुलं-मुली कमी नाहीत. त्यांना हे काम द्या, ते आनंदाने करतील.

कंपनीला काय विचारायचं?

राउटर कंपनीनेच दिलेला असेल आणि सेटिंग कुलूपबंद असतील, तर अपडेट करणं कंपनीच्याच हातात आहे. फोन करून किंवा ईमेल लिहून सरळ चार प्रश्न विचारा. या मॉडेलचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं? त्यात डीएनएसमास्क आहे का आणि असेल तर कोणती आवृत्ती? या मॉडेलला अजून सुरक्षा अपडेट मिळतात का? मिळत नसतील तर डबा बदलून कधी देणार? फोन उचलणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल, तर तक्रार क्रमांक घ्या आणि लेखी उत्तर मागा. एकाच इमारतीतल्या दहा घरांनी हेच विचारलं तर ते टाळणं कठीण जातं.

एवढं करूनही कुणाची फसवणूक झाली, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा, बँकेला कळवून खातं थांबवावं आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवण्याची शक्यता जास्त असते. तक्रारीत राउटरचं मॉडेल आणि डीएनएसच्या रकान्याचा फोटोही जोडा. चोर कोणत्या वाटेने आला, हे तपासणाऱ्याला त्यातून कळू शकतं.